काही न कळणारं कापड

माझ्या मामाचं आडनाव दांडेकर नव्हतं. तरी ओळखीचे सगळे त्याला दांडेकरच म्हणायचे, कारण लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांवर पडद्यांच्या दांड्या बसवणं हा त्याचा धंदा होता. मामी पडदे शिवायची. कुणी पाहुणा आला की मामा ठरलेला विनोद करायचा. "आमचा संसार म्हणजे दांडी आणि पडदा. मी आडवा, ही उभी."

"दिवसभर आडवे असतात, एवढं मात्र खरं," स्वयंपाकघरातून मामीचा आवाज यायचा.

मामी माप घ्यायला गेली की आधी टेप काढायची नाही. "माप नंतर. आधी मला इथे जरा बसू द्या," म्हणायची आणि खोलीतल्या एखाद्या खुर्चीवर नुसती बसून राहायची. ऊन कुठून येतं, कुठल्या कोपऱ्यात आधी अंधारतं, वारा आला तर कुठून निघून जातो, हे बघायची. मग घरच्या बाईला विचारायची, "झोपता कुठल्या कुशीवर? सकाळी आधी कोण उठतं? भांडण झालं की कोण कुठल्या खोलीत जातं?" लोक हसायचे, पण सांगायचे. कापड त्यानंतर फाडलं जायचं.

शिवून झालेला पडदाही ती लगेच लावायची नाही. त्याच्या चुण्या एकीवर एक बसवून, वरखाली पट्टीने बांधून तो तसाच लटकवून ठेवायची. "कापडाला वळण लावावं लागतं," म्हणायची. "नवं कापड म्हणजे नवी सून. उभं कसं राहावं ते कळत नाही बिचारीला." आणि खरंच, मामीचे पडदे पट्टी सोडल्यावर असे खाली यायचे, जसा कुणी मनासारखं ऐकल्यावर श्वास सोडावा.

तो काळ मोठा विचित्र होता. घरातल्या वस्तू एकेक करून, निरोप न घेता, निघून जात होत्या. आधी किल्ल्या गेल्या. दारं माणूस ओळखायला लागली, तेव्हा पर्समधला तो खुळखुळाट कधी थांबला ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. मग भिंतीवरची घड्याळं गेली. मग दिव्यांची बटणं. खोलीत पाऊल टाकलं की उजेड आपणहून व्हायचा. पण जुनी माणसं आत शिरताना दाराशेजारची भिंत चाचपायची आणि हात तसाच रिकामा खाली यायचा. कुणी रडलं नाही. बटणासाठी कोण रडतं?

मग काच आली.

मामा एका डोळ्यांच्या दवाखान्यात दांड्या बसवायला गेला होता. तिथे त्याला सांगितलं, आता दांड्यांची गरज नाही, आम्ही काच बदलली. तो घरी आला आणि बूट न काढताच खुर्चीवर बसला.

"अगं," तो म्हणाला, "काचेला पापणी आहे."

"जेवलात का तुम्ही?" मामीने विचारलं.

"ऐक तरी. बाहेर ऊन चढलं तशी ती आपोआप मिटत गेली. हळूहळू. जशी आपण मिटतो तशी. मग तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, समुद्र. तर समुद्र!"

"उपाशी पोटी होतं असं कधीकधी."

पण ते तसंच होतं. खोलीत कोण आहे, तो काम करतोय की डुलक्या घेतोय, हे त्या काचेला कळायचं आणि ती त्याप्रमाणे निवळायची, दुधाळ व्हायची किंवा काळोखी व्हायची. सांगाल तो देखावा दाखवायची. लोकांनी तिचं नाव शहाणी काच ठेवलं. आधी दवाखाने, मग कचेऱ्या, आणि मग घरोघरी ती बसायला लागली.

मामाने त्या वयात काच बसवायचं शिक्षण घेतलं. वर्गात बाकी सगळी पोरं त्याची मुलं शोभतील एवढी. तो रोज संध्याकाळी काहीतरी नवल घेऊन घरी यायचा आणि मामी ते ऐकून घ्यायची, पण तिच्या हातातलं भांडं जरा जास्तच जोरात खाली ठेवलं जायचं.

"या वयात सवत आणलीत," ती एकदा म्हणाली.

"सवत कसली? काच आहे ती."

"सवत परवडली असती. तिच्याशी भांडता तरी आलं असतं."

मामीची कामं कमी होत गेली. पडद्यांसाठी येणारे फोन थांबले. मशीनवर तिने झाकण घातलं, तरी दर रविवारी ते उघडून चाकाला तेल द्यायची आणि रिकामी सुई दोनचार वेळा खालीवर करायची. काय करतेस विचारलं तर म्हणायची, "पाय मोकळे करते."

माझी आजी, म्हणजे मामीची सासू, त्याच घरात मागच्या खोलीत अंथरुणाला खिळून होती. त्या खोलीला खिडकी होती, पण ती उघडली की समोर हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत. मामीने तिथे फार जीव लावून एक जाड निळा पडदा शिवला होता. त्यावर पानं होती. आजी वर्षानुवर्षं ती पानंच बघत पडून असायची.

एक दिवस मामा एक टवका उडालेली, कारखान्याने नाकारलेली काच घेऊन आला. मामीला न विचारता त्याने निळा पडदा उतरवला आणि काच बसवली. आजीने तिच्याकडे बराच वेळ संशयाने पाहिलं. मग म्हणाली, "थोडा उजेड दे गं बाई." आणि त्या बाईने उजेड दिला. मग आजीने पाणी मागितलं. मामा प्यायचं पाणी आणायला धावला, पण काचेला नेमकं कळलं होतं. तिने नदी दाखवली. रुंद, संथ, काठावरच्या झाडांची पालवी पाण्यात बुडालेली.

तेव्हापासून आजी आणि बाई यांचं गूळपीठ जमलं. आजी तिला जुन्या गोष्टी सांगायची, मध्येच रागवायची, "जरा सावली कर, डोळ्यावर येतंय!" मामी दारात उभी राहून ऐकायची. न राहवून तिने एकदा विचारलंच, "आई, माझा पडदा बरा नव्हता का हो?"

"बरा होता की," आजी म्हणाली. "पण तुझ्या पडद्याने भिंत झाकली होती. हिने घालवली."

मामी स्वयंपाकघरात गेली आणि तिने नळ सोडला. तो बराच वेळ नुसताच वाहत होता. तिने मला नंतर सांगितलं, "वाईट कशाचं वाटलं, तर म्हातारी खरं बोलली याचं."

पण दुपारी तीही आजीजवळ जाऊन बसायला लागली. बाहेर टळटळीत ऊन असायचं आणि आत पाण्यावरच्या सावल्या लांब होत जायच्या. पाखरं घरट्याकडे निघायची. भिंती सोनेरी व्हायच्या. दोघी सासूसुना त्या उसन्या संध्याकाळी पेंगायच्या. मामीच्या मांडीवर कसलंतरी शिवण असायचं, टाका अर्धवट. "खोटं आहे सगळं," ती मला म्हणाली. "पण डोळ्याला बोचत नाही."

आणि मग तिला काम आलं, ते असं की तिने नाही म्हणावं.

काच बसवणारी पोरं लोकांच्या घरचे जुने पडदे ओढून काढायची. हुक तुटायचे, भिंतीचा गिलावा पडायचा, कापड फाटायचं, आणि घरातल्या बायका हळहळायच्या. कुणीतरी सावकाश उतरवणारं माणूस हवं होतं. मामाने हे चहाच्या वेळी, कपाकडे बघत सांगितलं.

"मी लावलेले मीच उतरवू?" मामी म्हणाली. "माझ्याच हाताने?"

"दुसऱ्या कुणी ओरबाडण्यापेक्षा..." मामा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा निघाला, तर ती बाहेर जायच्या चपला घालून दारात उभी.

त्या दिवसांबद्दल मामी बोलायची तेव्हा तिचा आवाज झोपेतून उठल्यासारखा व्हायचा. म्हणायची, आपल्याच आयुष्यातून उलटं चालत गेल्यासारखं वाटायचं. ज्या खोलीसाठी तिने चांदण्यांचा पडदा शिवला होता, तिथल्या बाळाला आता मिशा होत्या. जिथे नवरानवरी राहायला आली होती, तिथे एकच उशी होती. एकेक घर, एकेक खिडकी. ती शिडीवर चढायची, हुक काढायची, आणि ते कापड दोन्ही हातांवर झेलून खाली उतरायची, झोपलेलं मूल उचलावं तसं. कापडाला त्या त्या घराचा वास असायचा. एकाला औषधांचा, एकाला रंगाच्या डब्यांचा, एकाला निव्वळ उन्हाचा.

मग ती खालची दुमड उसवून बघायची. बाहेरचा रंग उडून गेलेला असायचा, कुठे पिवळट, कुठे राखाडी. पण दुमडीच्या आत तो जसाच्या तसा. शिवला त्या दिवशीचा. "आपलंही असंच असेल का गं कुठेतरी आत?" तिने मला विचारलं होतं.

एका घरी एकटा राहणारा निवृत्त टपालवाला होता. मामीने शिडी लावली तशी तो म्हणाला, "आजची दुपार राहू द्याल का ताई? उद्या काढा." मामी शिडी घडी करून परत आली. मामाने कपाळाला हात लावला, कारण काच गाडीत होती आणि पोरं ताटकळली होती. पण दुसऱ्या दिवशी गेली, तेव्हा टपालवाल्याने पडदा स्वतःच उतरवून, घडी घालून, दाराशी ठेवला होता. आत नवी काच बघायला तो लहान मुलासारखा उतावीळ झाला होता.

उतरवलेले पडदे मामी घरी आणायची, धुवायची आणि पुढच्या खोलीत रचायची. ढीग वाढत गेला. "लोकांच्या घरचे पडदे गेले," मामा म्हणायचा, "आणि आमच्या घरात शिरायला पडदे बाजूला करावे लागतात."

असंच एकदा ती एका दुभाषी मुलीकडे गेली. ही मुलगी घरी बसून काम करायची, फोनवर दोन माणसांच्या मधे राहून एकाचं बोलणं दुसऱ्याच्या भाषेत सांगायची. घर नव्याने केलेलं होतं. आतल्या भिंतीही पाडून सगळीकडे शहाणी काच घातली होती. नवरा आणि सासू बाहेर गेलेले. मागच्या खिडकीला तेवढा एक जुना, जाडाभरडा, मातकट रंगाचा पडदा राहिला होता. मामीने तो उतरवला.

"काकू, हा तुम्ही नेणार?" मुलीने विचारलं.

"हो. का गं, हवा होता?"

"हवा आहे. पण खिडकीला नको. मधोमध हवा."

"कशाच्या मधोमध?"

"कशाच्याच नाही. घराच्या."

मामीने शिडीला टेकून तिच्याकडे नीट पाहिलं. मुलीने ओठ दाताखाली धरला होता.

"काच वाईट नाही हो," ती म्हणाली. "फार चांगली आहे. तोच त्रास आहे. मी जरा गप्प बसले की उजेड मऊ करते. रडू आलं की लगेच डोंगर दाखवते, धुक्यातले. विचारत काही नाही, पण तिला कळलेलं असतं. ते बघून सासूबाईंना कळतं. ह्यांना कळतं. दिवसभर मी दुसऱ्यांचं समजून घेते. आता भिंतींनासुद्धा माझं समजायला लागलंय. मला घरात असं काहीतरी हवंय, ज्याला काही म्हणजे काही कळत नाही."

मामीने हातातल्या कापडाकडे पाहिलं. "भिंतीला कान असतात असं ऐकलं होतं," ती म्हणाली, "आता डोळेही फुटले म्हणायचे. पण काळजी करू नकोस. यापेक्षा ठार अडाणी तुला काही मिळायचं नाही."

मुलगी हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. मागची काच लगेच धूसर व्हायला लागली. "बघा!" मुलगी म्हणाली.

मामीने टेप काढली नाही. तिथे फरशीवर बसली. मग विचारलं, "रडताना कुठल्या बाजूला तोंड करतेस?"

मुलीने जरा विचार केला आणि बोट दाखवलं.

मामीने मामाला फोन करून बोलावून घेतलं. मामा आला, चारी बाजूंना बघितलं आणि डोकं खाजवलं. "अगं, इथे भिंतच नाही. दांडी टेकवू कशाला?"

"वर टेकवा. छताला."

"आणि आकार?"

"गोल. एक माणूस आत मावेल आणि हात पसरता येतील असा."

"दांडी सरळ असते गं."

"मग आता वाकवा. आयुष्यात एकदा तरी."

दांडीची नळी वाकवायला आणि कापडाला जोड द्यायला दोघांचे दोनतीन दिवस गेले. मामीच्या मशीनवरचं झाकण निघालं. मामा खोलीच्या दुसऱ्या टोकाला नळी तापवत बसला आणि कधी नव्हे ते दोघंही काही बोलत नव्हते, एकमेकांना न विचारता पक्कड आणि कात्री पुढे करत होते.

पडदा लागला. मुलगी आत गेली आणि तिने तो मिटून घेतला. मामा-मामी बाहेर फरशीवर बसले. कापड एकदा हललं, मग संथ झालं. काचेची मात्र तारांबळ उडाली. ती उजळली, मंदावली, एकदा समुद्र झाली, एकदा रान. आत कोण आहे, कसं आहे, तिला काहीच पत्ता लागेना. शेवटी तिने सगळे देखावे सोडून दिले आणि ती नुसती काच झाली. तिच्यातून बाहेरची दुपार दिसायला लागली, समोरच्या गच्चीवर वाळणाऱ्या चादरी दिसायला लागल्या. मामाला तिथेच डुलकी लागली.

खूप वेळाने मुलगी बाहेर आली. तिचे केस विस्कटलेले होते.

"काय झालं?" मामाने दचकून उठत विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. तिचा चेहरा निवांत होता. "आत काहीच झालं नाही."

त्यावरून तिच्या मैत्रिणीने तसाच एक करायला सांगितला, मग आणखी कुणी. फार नाहीत, पण कामं येत राहिली. एका म्हाताऱ्या जोडप्याला दोन खाटांच्या मधे पडदा हवा होता. आजोबा म्हणत ही घोरते, आजी म्हणत हे घोरतात, आणि कुठल्या बाजूला जाड अस्तर लावायचं यावर मामीसमोरच जुंपली. मामीने दोन्ही बाजूंना लावलं. एका शिक्षकाला नुसती खुर्ची मावेल एवढीच जागा हवी होती. तिथे बसून काय करणार ते त्याने सांगितलं नाही आणि मामीने, जिने सगळ्यांना सगळं विचारलं होतं, त्याला विचारलं नाही. या पडद्यांना ती पडदे म्हणत नसे. आडोसा म्हणायची. "दोन आडोसे राहिलेत या आठवड्यात," असं.

खिडक्यांवर मात्र पडदे परत कधी आले नाहीत. मामीला त्याची खंतही राहिली नाही. "खिडकी काचेचीच बरी," असं ती चक्क मामासमोर म्हणाली. मामाने ते मला पुन्हा पुन्हा ऐकवलं.

आजी त्याच वर्षी गेली. दुपारची वेळ होती. काचेत पाण्यावर ऊन उतरलं होतं, आणि आजी एक वाक्य अर्धं बोलून थांबली. नदी थोडा वेळ तशीच वाहत राहिली. मग काच सावकाश दुधासारखी पांढरी झाली. कुणी सांगितलं नव्हतं. मामी उठली, तिने आधी आजीचे डोळे मिटले आणि मग काचेवरून हात फिरवला. "पुरे आता, बाई," ती म्हणाली. "दमलीस."

त्यानंतर बऱ्याच काळाने, माझी मुलगी ज्या पाळणाघरात जायची, तिथल्या ताईंनी मामीला बोलावलं. पाळणाघर म्हणजे एक मोठा हॉल. चारी बाजूंना काच, त्यात हत्ती, ढग, मासे, मुलं म्हणतील ते. "सगळं आहे," ताई म्हणाल्या, "पण मुलांना लपायला जागा नाही. कुठेही गेली तरी काच त्यांच्या मागे उजेड घेऊन जाते." मामीने रचून ठेवलेल्या ढिगातले पडदे काढले आणि त्यांचे छोटे छोटे आडोसे शिवले. चट्ट्यापट्ट्यांचे, फुलांचे, एक जरीच्या काठाचासुद्धा.

ते लावले त्या दिवशी मी मुलीला न्यायला गेले होते. हॉल नेहमीपेक्षा शांत होता. काचेतला हत्ती एका पायावर थांबून काय करावं ते न कळल्यासारखा उभा होता. माझी मुलगी माझ्याकडे पळत आली, चवड्यांवर, ओठावर बोट ठेवून.

"आत एक आजी झोपलीये," ती माझ्या कानात म्हणाली. "कुणाला सांगू नको."

जरीच्या काठाच्या आडोशाखालून मामीचे पाय दिसत होते. चपला बाजूला काढून ठेवलेल्या. खालची शिवण तपासायला म्हणून ती आत बसली होती, ताईंनी सांगितलं, आणि बसल्या जागी डोळा लागला. मुलांनी आपणहून आवाज बंद केले होते. जो तो आपापल्या आडोशात बसून, मधूनच कापड किलकिलं करून, आजी उठली का ते बघत होता.

मी जवळ गेले तशी आत हालचाल झाली.

"कोण आहे?"

"मी आहे, मामी."

"अगंबाई. झोप लागली वाटतं. संध्याकाळ झाली का गं?"

"होत आलीये."

"घाई आहे का तुला?"

"नाही."

"मग थांब थोडं," मामी म्हणाली, आणि बाहेर आली नाही. मी फरशीवर टेकले. मुलगी माझ्या मांडीत येऊन बसली. कापड मामीच्या श्वासाबरोबर जरासं फुगत होतं, बसत होतं, आणि हॉलभर कुणीच काही बोलत नव्हतं.